दोन देठांचं फूल

४ फेब्रुवारी

दादा,

तुझं जाडजूड पाकीट आलं. एवढं काय झालं, कोणी गेलं की काय, म्हणून हातातलं काम टाकून उघडलं. तर आत चार पानं आणि चारही पानांवर बाबांचे वाडगे कसे धुवावेत! पाणी कोमट घ्यावं, खाली टॉवेल अंथरावा, एका वेळी एकच धुवावा, एकात एक रचू नये, उन्हात ठेवू नये. बाळंतिणीला एवढं कोणी जपत नाही. बाबा गेल्यापासून ते वाडगे माझ्याकडे आहेत आणि मी ते भांड्यांच्या पावडरीनं खसाखसा घासते. अजून टवका उडालेला नाही. आता तू रिटायर होऊन काच गोळा करणाऱ्यांच्या मंडळात जायला लागलास म्हणून त्यांना सर्दी होणार आहे का?

तू विचारलंस, नग किती आणि 'सध्या कोणत्या स्थितीत'. वाडगे सहा. चार दुकानात, शिलाई मशीनशेजारी: एकात बटणं, एकात हुक, एकात टाचण्या, एकात खडूचे तुकडे. पाचव्यात मीठ. सहावा आमचे हे दाढीला घेतात. जग एक, त्यात पाणी. ही स्थिती.

आणि 'प्रत्येक बाजूनं फोटो' म्हणजे काय रे? वाडगा गोल असतो. मी किती वेळ त्याच्याभोवती फिरू?

कारखान्यानं टाकून दिलेला माल तो. खोट होती म्हणून बाबांना घरी न्यायला मिळाला. त्यात बघण्यासारखं काही नाही. तुला काचच हवी तर जुन्या बाजारात ढीग पडलाय, तिथे जा.

वहिनीला सांग, कोट उसवून परत शिवलाय. बाह्यांचं माप तिनंच चुकीचं दिलं होतं. मी बोलले नाही, पण तू सांग.

ठकू

१५ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

फोनवर तू 'मशीनवर आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून पत्र. पत्र तुला मध्येच तोडता येत नाही.

त्या काचेला आपण लहान असताना लोक हसायचे. हातानं कापून घडवलेली नाही, लोखंडी साच्यात ओतून वरून दट्ट्यानं दाबलेली, म्हणून स्वस्तातली. आज तिचेच नमुने शोधत शहाणीसुरती माणसं गावोगाव फिरतात. प्रत्येक नमुन्याला नाव आहे: खवले, जाळी, सूर्यचकत्या. माझ्याकडे दोनशे बारा नग झालेत. तुझी वहिनी म्हणते, दोनशे तेरावा घरात आला की ती बाहेर.

आता कामाचं. मंडळ नमुन्यांचं पुस्तक छापतंय. जुलैच्या दहा तारखेला मजकूर बंद. त्यात आपल्या वाडग्यांचा नमुना आहे, घंटेसारखी फुलं खाली लोंबणारा. त्याला 'वेलघंटा' म्हणतात आणि लोक त्यासाठी वेडे होतात. त्याच्याखाली नाव कोणाचं आहे माहीत आहे? साचाघरातल्या हेडमिस्त्रीचं. त्याच्या नातवानं आजोबांची वही मंडळाला दिली, तिच्यात हा नमुना आहे, झालं. तो साचा बाबांनी कोरला हे तुला माहीत, मला माहीत. कागदावर कुठेच नाही. बाबा कोणाच्या लक्षात असलेच तर पेट्या भरणारा म्हणून. ज्याचा हात घसरला आणि ज्याला साचाघरातून काढलं, तो.

एकदा हे छापलं गेलं की कायमचं झालं, ठकू. मला पुरावा हवाय. सगळ्या वाडग्यांवर एक फूल असं आहे ज्याला दोन देठ आहेत. कोणालाच त्याचा उलगडा होत नाही. बाबांना डबा तू न्यायचीस. तुला काही आठवतं?

तुझा दादा

२७ फेब्रुवारी

दादा,

मला काही आठवत नाही. सात वर्षांची होते. डबा न्यायचा, रिकामा आणायचा. माझ्याशी कोण काय बोलणार होतं?

दोन देठ असतील तर असतील. तुझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, त्यावर कोणी पुस्तक काढलं का?

दाढीचा वाडगा पाठवतेय. ह्यांनी आरडाओरडा केला, पण त्यांना प्लास्टिकचा आणून दिला. कापडाच्या चिंध्यांत गुंडाळून, चिंध्यांवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर जुनी उशी घातली आहे. पोस्टातला माणूस म्हणाला, 'आत काय, बाळ आहे?' मी म्हटलं, माझ्या भावाचं डोकं आहे. बाकीचे वाडगे मागू नकोस. टाचण्या मी कशात ठेवू, तळहातावर?

आणि हेडमिस्त्रीचं नाव काढून टाका म्हणावं त्या मंडळाला. तो माणूस साचाघरात नुसता पाठीमागे हात बांधून फिरायचा. एवढं मला आठवतं.

ठकू

२० मार्च

ठकू, माझ्या बहिणी,

वाडगा सुखरूप पोचला. त्यावर साबणाचा थर होता, तो काढायला दोन दिवस गेले. आणि मग मला कळलं!

सगळ्या फुलांना एक देठ. एकालाच दोन. आणि त्यातला एक जरा वाकडा, लहान. बाबांनी आपल्या नावाची खूण त्यात लपवली! एका फुलाचे दोन देठ म्हणजे त्यांची दोन मुलं. एक मी, सरळ वाढलेला (हसू नकोस), आणि एक तू, लहानगी. पाण्याच्या जगावर सगळीकडे एकच देठ आहे असं तू वाडग्याबरोबर घातलेल्या फोटोत दिसतं. म्हणजे जगाचा साचा तुझ्या जन्माआधीचा.

रविवारी हे मंडळात वाचून दाखवलं. टाळ्या थांबेनात. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, एरवी दगड माणूस. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

फक्त घरातल्या दुसऱ्या माणसाची साक्ष हवी. तू एवढंच लिहून सही कर: 'बाबा आम्हाला सांगायचे की दोन देठ म्हणजे माझी दोन मुलं.' बस. बाबांचं नाव पक्कं.

दादा

२ एप्रिल

दादा,

सही करणार नाही.

बाबा असं कधी म्हणाले? बाबा जेवताना 'वाढ' आणि 'पुरे' एवढंच म्हणायचे. त्यांनी देठबीठ काही सांगितलं असतं तर आई उठून बसली असती.

आणि जगाचा साचा माझ्या जन्माआधीचा नाही. जग आणि वाडगे एकाच वर्षीचे, एकाच महिन्यातले. तुला दिवसभर काम नाही म्हणून वाटेल ते सुचतंय. दातांच्या डॉक्टरला रडू आलं तर तो त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

दुसरं काहीतरी शोध. हे नको.

ठकू

१४ एप्रिल

ठकू,

मी तुझं पत्र तीनदा वाचलं. कारण एकही नाही, नुसतं नाही-नाही. जग आणि वाडगे एकाच महिन्यातले हे तुला ठाऊक, मग 'काही आठवत नाही' कसं?

तुला बाबांचं नाव नकोच आहे का? चौथीनंतर तुझी शाळा सुटली आणि माझी चालू राहिली, त्याचा राग अजून आहे का? असेल तर मला शिव्या दे. त्यांना कशाला?

मी तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. साचाघरातून काढलं तेव्हा कारखान्यात सगळे म्हणत होते, पिऊन आला असणार, त्याशिवाय इतक्या वर्षांचा हात घसरेल कसा. मी तेरा वर्षांचा होतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते झोपले की मी जवळ जाऊन त्यांचं तोंड हुंगायचो. कधी वास आला नाही. तरी मी ते खरं मानलं. शाळेत वडील काय करतात विचारलं तर 'बाहेरगावी असतात' म्हणायचो. एकदा ते शाळेच्या फाटकाशी उभे होते आणि मी तसाच पुढे गेलो. त्यांनी हाक मारली नाही.

मला हे एवढं एक काम करायचं आहे. तुझ्या दोन ओळींनी होणार आहे. आणि तू ते अडवून बसली आहेस.

दादा

३ मे

दादा,

बसून घे. वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, आधी एकटा वाच.

बाबांचा हात घसरला नाही. बाबा प्यायलेले नव्हते. तो दुसरा देठ मी कोरला.

डबा घेऊन गेले होते. जेवणाच्या सुट्टीत साचाघरात बाबा एकटेच असायचे. वाडग्याचा साचा म्हणजे दोन अर्धुकं, मिटली की पूर्ण. एक अर्धुक बाबांच्या मांडीवर, त्यावर ते कानस चालवत होते. दुसरं बाकावर उघडं, माझ्या नाकासमोर. बाबा हात धुवायला गेले. मी बघत बसले. सहा फुलं, खाली तोंड केलेली. पाचांना देठ. अर्धुकाच्या काठाशी असलेल्या सहाव्याला नाही. मला वाटलं, बाबा विसरले. छिन्नी, हातोडी तिथेच पडलेली. बाबा कशी धरतात ते रोज बघत होते. दहा-बारा ठोके घातले. वाकडा आला, पण आला. मला इतका आनंद झाला, दादा. बाबांचं राहिलेलं काम मी पुरं केलं होतं.

बाबा विसरले नव्हते. साचा कितीही घासला तरी दोन अर्धुकांच्या मध्ये केसाएवढी फट राहते. तिच्यात काच शिरते आणि भांड्यावर उभी रेघ उठते. मी तिला शिवण म्हणते. बाकीचे मिस्त्री ती तशीच सोडायचे, फुलाच्या मधून गेली तरी त्यांना काही वाटायचं नाही. बाबांनी ती रेघच देठ करायची ठरवली होती. फूल अशा जागी कोरलं होतं की साचा मिटल्यावर रेघ बरोब्बर त्याच्या डोक्यावर यावी. म्हणून तिथे कोरायचं काही नव्हतंच. ती जागा रिकामी सोडणं हेच काम होतं. जगावर बघ, मुठीच्या समोरचं फूल. एकच देठ, आणि शिवण शोधून सापडत नाही. मी इतकी वर्षं कपडे शिवते. शिवण लपवायची म्हणजे काय ते मला कळतं. असं मला अजून जमलेलं नाही.

बाबा परत आले. बघितलं. मारलं नाही, ओरडले नाहीत. बराच वेळ बघत राहिले, मग खाली बसून जेवले. लोखंडात खणलेलं बुजत नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर हेडमिस्त्री साचा हातात घेऊन ओरडत होता. बाबा म्हणाले, "माझा हात घसरला." मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तोंड उघडलं नाही. नवा साचा करायला कोण बसतंय, कारखान्यानं त्याच साच्यात हजारो वाडगे काढले. बाबांना पेट्या भरायला पाठवलं आणि नमुना हेडमिस्त्रीनं आपल्या वहीत घातला.

शाळा सुटली तेव्हा मी रडले नाही. बरोबरच झालं असं वाटलं. राग कसला येणार? बाबा आधीही माझ्याशी फार बोलत नसत, पण त्यानंतर ते गप्प बसले की मला वाटायचं, तेच आठवतायत. कधीतरी म्हणतील, 'तू केलंस.' म्हणाले असते तर सुटले असते. मरेपर्यंत म्हणाले नाहीत.

तू त्यांचं तोंड हुंगायचास हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर सांगितलं असतं का? खोटं कशाला बोलू. नसतं सांगितलं.

आता तुझ्या त्या दोन मुलांच्या गोष्टीचं काय करायचं ते तू बघ. एक देठ बाबांचा आणि दुसरा माझा मूर्खपणा. बाबांचं नाव घाल. माझं घालू नकोस.

जग आणि उरलेले पाचही वाडगे पाठवतेय. टाचण्या डब्यात ओतल्या.

ठकू

२२ जून

ठकू,

सात आठवडे उत्तर दिलं नाही. तुला काय वाटलं असेल ते वाटू दे. मला राग आला होता. पंचेचाळीस वर्षं मी बापाला दारुडा समजलो आणि तू एका वाक्यानं ते थांबवू शकत होतीस. हे लिहिलेली तीन पत्रं फाडली. मग सात वर्षांची मुलगी दारात उभी आहे हे डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. राग गेला नाही, पण कुठे ठेवावा ते कळेना. बाबा फाटकाशी उभे होते तेव्हा तेरा वर्षांचा मीही गप्पच होतो.

परवा मंडळात उभा राहिलो आणि म्हणालो, मार्चमध्ये मी सांगितलं ते सगळं माझ्या मनाचं होतं. कोणी टाळी वाजवली नाही. मग जग आणि वाडगा शेजारी ठेवले आणि तू लिहिलंस ते सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी नखानं दोन्हींची रेघ चाचपली. मग वही मागवली. हेडमिस्त्रीनं नमुन्याखाली लिहिलंय: 'एका फुलास देठ दोन, शोभेकरिता.' डॉक्टर म्हणाले, ज्यानं ही शिवण लपवली तो माणूस हे वाक्य लिहिणार नाही. नातवानं वही मिटली. तो वाईट नाही. म्हणाला, "आमचे आजोबा घरीही असंच करायचे."

ठकू, बाबांचं नाव लागलं.

आता पुढचं. ते तुला कळवावं की नाही, यात दोन दिवस गेले. मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, सुनेचा हात धरून आलेले. बाबांबरोबर त्यांनी अकरा वर्षं पेट्या भरल्या. सभा संपल्यावर मला थांबवून म्हणाले, "प्रत्येक पेटीचा वरचा थर तुझा बाप स्वतः भरायचा. आम्हाला हात लावू द्यायचा नाही. गवतात वाडगे असे फिरवून ठेवायचा की ते दोन देठांचं फूल वर यावं, पेटी उघडणाऱ्याला पहिलं तेच दिसावं. एकदा मी वैतागून विचारलं, काय आहे त्यात एवढं? तर म्हणाला, माझ्या मुलीनं कोरलंय. सात वर्षांची होती. कोणी शिकवलं नव्हतं, तरी पहिल्याच खेपेला छिन्नी नीट धरली. मुलींना साचाघरात घेत असते तर मी हिला हाताखाली घेतली असती."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. शब्द हेच होते.

मजकूर दहा तारखेला बंद होतो. तुझं नाव घालू का? तू नको म्हणशील तर नाही घालणार.

दादा

२९ जून

दादा,

पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याच्या पँटचा एक पाय मी दुसऱ्याला शिवून टाकला.

पेट्या भरणाऱ्याला सांगितलं! त्या माणसाला, ज्याचं मला नावही माहीत नाही, त्याला सांगितलं. मी काय परगावी होते का? रोज ताट वाढत होते त्यांना. शेवटच्या आजारात आठ महिने पाठ पुसली, नखं कापली, कुशीवर वळवलं. तेव्हा सांगायला काय झालं होतं? एवढा मोठा माणूस, पेट्यांच्या गवताशी बोलतो आणि घरी येऊन गप्प! त्यांना वाटलं असेल, मला आठवत नसेल. मला वाटत होतं, त्यांना राग आहे. आणि आई मध्ये बसून वाढतेय. काय माणसं आहोत आपण, दादा. मला इतका राग आलाय की त्या दिवशी मशीन बंद करून घरी गेले. हे विचारत होते, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, बाबा बोलले.

आणि तूही कमी नाहीस. कळवावं की नाही म्हणून दोन दिवस घालवलेस! तू अगदी त्यांच्यावर गेला आहेस.

नाव घाल. माझं बाबांच्या खाली, पण त्याच अक्षरात, मुंगीएवढं नको. 'शोभेकरिता' खोडून 'चूक' लिही. वय सात लिही, नाहीतर लोकांना वाटेल बाई मोठेपणी एवढं वाकडं कोरायची. आणि ती छिन्नी नीट धरल्याची ओळ आहे ना, ती पूर्ण लिही, एक शब्द गाळू नकोस. पेटीवाले म्हणाले म्हणून लिहू नकोस.

बाबा म्हणाले म्हणून लिही.

ठकू